अशनी किती वेळा आदळतात? ग्रह, छप्पर आणि उपग्रह यांच्यासाठी हिशेब मांडण्याची रीत

पृथ्वीवर वर्षाला आकाशातून किती दगड येतात? १७,६०० हे उत्तर बरोबर आहे. ३७ हेही बरोबर आहे आणि ‘हजार वर्षांतून एक’ हेसुद्धा. पहिला आकडा जमिनीवर पोचणाऱ्या, ५० ग्रॅमहून जड अशनींचा. दुसरा वातावरणाच्या माथ्यावर आदळणाऱ्या, एक मीटरहून मोठ्या पिंडांचा. तिसरा ५० मीटरहून मोठ्या पिंडांचा. बातम्यांमध्ये यांतला एखादाच आकडा सुटा फिरतो, आकाराचा उल्लेख गळून पडतो, आणि मग एका ठिकाणी ‘रोज पडतात’ तर दुसऱ्या ठिकाणी ‘क्वचित पडतात’ असे वाचायला मिळते.

हा हिशेब स्वतः मांडता येतो. गुणाकार, लॉग आणि घातांक एवढे जमणारा कॅल्क्युलेटर पुरतो. उत्तर दोन-तीन पटींच्या आत आले तरी खूप झाले. या विषयात दशांश चिन्हापुढचे आकडे मिरवणाऱ्यावर फारसा विश्वास ठेवू नये.

पायरी १: किमान आकार ठरवा

आधी लक्ष्याकडे पाहायचे, आकाशाकडे नंतर. कशाने त्याचे बिघडते, हा पहिला प्रश्न. दुर्बिणीच्या आरशाला काही मायक्रोग्रॅमचा कण पुरतो. यानाच्या पातळ पत्र्यासाठी मिलिग्रॅमच्या आसपासचा कण चिंतेचा. घराच्या छपरासाठी ५० ग्रॅमपासून पुढे मोजायला हरकत नाही. शहराच्या खिडक्यांसाठी वीसेक मीटरचा पिंड लागतो.

इथे वेगाने फसायला होते. वातावरणातून खाली येणारा छोटा अशनी आपला मूळ वेग वरच गमावून बसतो आणि शेवटी साध्या दगडासारखा पडतो. ५० ग्रॅमच्या दगडाचा जमिनीजवळचा वेग सेकंदाला ५० मीटरच्या आसपास भरतो, म्हणजे ऊर्जा साधारण ६० ज्यूल. अवकाशात मात्र एक मिलिग्रॅमचा कण सेकंदाला २० किलोमीटर वेगाने येतो आणि त्याची ऊर्जा २०० ज्यूल होते. पन्नास हजार पट हलका, तरी मार तिप्पट. म्हणून छपरासाठी ठरवलेली मर्यादा उपग्रहाला लावू नका आणि उपग्रहाची छपराला लावू नका.

पायरी २: फ्लक्स मिळवा

ठरवलेल्या आकाराचे किंवा त्याहून मोठे किती पिंड एका चौरस मीटरवर (किंवा चौरस किलोमीटरवर) एका वर्षात येतात, तो फ्लक्स. सगळ्या हिशेबाचा जीव यात आहे आणि सगळी अनिश्चितताही इथेच.

फ्लक्स मोजण्याची पद्धत एकच: मोजलेल्या आघातांची संख्या भागिले (पाहिलेले क्षेत्रफळ × पाहिलेला काळ). कोणी काय पाहिले एवढाच फरक. चंद्रावर अपोलो मोहिमांनी ठेवलेल्या भूकंपमापकांनी १९६९ ते १९७७ या काळात १,७०० हून अधिक उल्काघात नोंदवले. चंद्राभोवती फिरणाऱ्या लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर यानाच्या ‘आधीच्या’ आणि ‘नंतरच्या’ छायाचित्रांची जोडी लावून संशोधकांनी २०१६ साली २२२ नवी विवरे दाखवली. दहा मीटर किंवा त्याहून मोठी विवरे तेव्हाच्या अंदाजापेक्षा सुमारे ३३ टक्के जास्त निघाली. पृथ्वीवर मोठ्या अग्निगोलकांची (वातावरणात झगझगीत पेटणाऱ्या पिंडांची) नोंद अमेरिकेच्या सरकारी उपग्रहांचे संवेदक ठेवतात, लहान अशनींचा हिशेब अंटार्क्टिकाच्या बर्फावर सापडणाऱ्या दगडांवरून लावला जातो.

मंगळाचे उदाहरण करून पाहू. कक्षेतून घेतलेल्या छायाचित्रांवरून २०१३ साली निघालेला दर असा: ३.९ मीटर किंवा त्याहून मोठी नवी विवरे, दर दहा लाख चौरस किलोमीटरला वर्षाला १.६५. मंगळाचा पृष्ठभाग सुमारे १४.४ कोटी चौरस किलोमीटर, म्हणजे असे १४४ तुकडे. १४४ × १.६५ = वर्षाला सुमारे २४० विवरे. पण मंगळावर उतरलेल्या इनसाइट यानाच्या भूकंपमापकाच्या नोंदींवरून २०२४ साली निघालेला अंदाज सांगतो, की आठ मीटरहून मोठीच विवरे वर्षाला २८० ते ३६० होतात. मोठ्या विवरांची संख्या लहानांपेक्षा जास्त कशी असेल? अर्थात असू शकत नाही. छायाचित्रात नवे विवर ओळखू येते ते मुख्यतः धुळीच्या प्रदेशात, जिथे भोवती काळा डाग उमटतो. बाकीच्या भागात ते नजरेतून निसटते. दोन पद्धतींतली ही तफावत म्हणजे आपल्या अज्ञानाचे खरे माप, आणि कुठलाही एक आकडा उचलण्याआधी ती पाहून घेतलेली बरी.

स्वतः मोजायला उपग्रह नसेल तर तीन तयार नियम पुरतात.

पहिला, पृथ्वीजवळच्या अवकाशातल्या बारीक कणांसाठी. नासाने १९६९ साली यानांच्या आखणीसाठी काढलेल्या दस्तऐवजातले हे सूत्र जुने आहे, पण हातगणिताला अजून फार चांगले:

लॉग(फ्लक्स) = −१४.३७ − १.२१३ × लॉग(वस्तुमान)

वस्तुमान ग्रॅममध्ये, फ्लक्स दर चौरस मीटरला दर सेकंदाला, आणि लॉग दहाच्या पायावर. एक मायक्रोग्रॅम ते एक ग्रॅम या पट्ट्यातच ते वापरायचे. वर्षाचे ३.१५६ कोटी सेकंद धरून गुणले की असे आकडे येतात: एक मायक्रोग्रॅम (व्यास मिलिमीटरचा दहावा भाग) किंवा मोठे कण, दर चौरस मीटरला वर्षाला अडीच; एक मिलिग्रॅम (व्यास जवळपास एक मिलिमीटर): ०.०००५९; एक ग्रॅम: साधारण ७५ लाख वर्षांतून एक. वस्तुमानाची मर्यादा दहा पटींनी खाली आणली की संख्या सोळा पट वाढते. एवढे एक लक्षात ठेवले तर सूत्र विसरले तरी चालते.

दुसरा, पृथ्वीवर येणाऱ्या मोठ्या पिंडांसाठी. उल्कांचे अभ्यासक पीटर ब्राउन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली उपग्रहांनी टिपलेल्या अग्निगोलकांवरून दिलेला नियम:

लॉग(वर्षाची संख्या) = १.५६८ − २.७० × लॉग(व्यास मीटरमध्ये)

ही संख्या अख्ख्या पृथ्वीसाठी आहे. एक मीटरला ३७, चार मीटरला जेमतेम एक, दहा मीटरला चौदाएक वर्षांतून एक, वीस मीटरला ८८ वर्षांतून एक, पन्नास मीटरला सुमारे हजार वर्षांतून एक. व्यास दुप्पट केला की संख्या साडेसहा पटींनी घटते.

तिसरा, जमिनीवर पोचणाऱ्या दगडांसाठी. अंटार्क्टिकावरच्या २०२० सालच्या अभ्यासातला आकडा, ५० ग्रॅमहून जड असे वर्षाला १७,६००. पृथ्वीच्या ५१ कोटी चौरस किलोमीटरवर पसरवला की दर दहा लाख चौरस किलोमीटरला सुमारे ३५.

पायरी ३: क्षेत्रफळ, पण कोणते?

चारपटीची चूक इथे सहज होते. फ्लक्स दोन रीतींनी सांगतात: पृष्ठभागाच्या चौरस मीटरवर, किंवा समोरून दिसणाऱ्या छेदक्षेत्राच्या चौरस मीटरवर. गोलाचा पृष्ठभाग त्याच्या छेदाच्या चौपट असतो. वरचे कणांचे सूत्र सगळ्या दिशांना आलटून पालटून तोंड करणाऱ्या पृष्ठभागासाठी आहे, म्हणून त्यात यानाचा बाहेरचा पृष्ठभाग घालायचा, सावलीचे क्षेत्र नाही. छपराच्या बाबतीत उलट: फ्लक्स आडव्या जमिनीवरचा आहे, म्हणून छपराची वरून दिसणारी व्याप्ती घ्यायची, उतरत्या कौलांची लांबी नाही.

पायरी ४: गुणा, मग शक्यता काढा

फ्लक्स × क्षेत्रफळ × काळ = अपेक्षित आघात. याला ‘न’ म्हणू. निदान एक आघात होण्याची शक्यता १ − ई^(−न), इथे ई म्हणजे २.७१८. याला पॉयसनचे वितरण म्हणतात, आणि ते वापरायला एकच अट: आघात एकमेकांशी संबंध नसलेले असावेत.

न फार लहान असेल तर शक्यता जवळपास न इतकीच. न एक असेल तर शक्यता ६३ टक्के. म्हणजे ‘शंभर वर्षांतून एकदा’ घडणारी गोष्ट पुढच्या शंभर वर्षांत घडणारच नाही अशी शक्यता ३७ टक्के उरते. मागच्या वर्षी घडली म्हणून यंदा टळेल असेही नाही. या वितरणाला आठवण नसते. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या वेदर्सफील्ड गावात १९७१ साली एका घरावर अशनी पडला आणि १९८२ साली त्याच गावातल्या दुसऱ्या घरावर. त्यावरून त्या गावासाठी वेगळा दर काढायला बसू नये.

छपराचे उदाहरण

शंभर चौरस मीटरचे छप्पर घ्या. दर दहा लाख चौरस किलोमीटरला ३५ म्हणजे एका चौरस मीटरला वर्षाला ०.००००००००००३५. गुणिले शंभर. त्या एका छपरावर ५० ग्रॅमचा अशनी साधारण २९ कोटी वर्षांतून एकदा पडेल. आता जगात अशी एक अब्ज छपरे आहेत असे गृहीत धरा. न थेट ३.५ होतो, म्हणजे दरवर्षी कुठे ना कुठे तीन-चार घरांवर. एक आकडा हास्यास्पद वाटावा इतका लहान, दुसरा नेहमीच्या बातमीइतका. दोन्हींत फरक फक्त क्षेत्रफळाचा. ‘माझ्यावर’ आणि ‘कोणावर तरी’ हे दोन प्रश्न वेगळे मांडा, कारण घबराट बहुतेक वेळा यांच्या गल्लतीतून येते.

माणसांचे गणित याच रीतीने: उघड्यावरच्या माणसाची वरून दिसणारी व्याप्ती अर्धा चौरस मीटर धरली आणि आठ अब्ज माणसे सतत उघड्यावर उभी आहेत असे मानले तर सात वर्षांतून एक. पण माणूस बराच वेळ छपराखाली असतो, त्यामुळे खरा दर याहून बराच कमी. १९५४ साली अलाबामातल्या सिलाकॉगा इथे अशनी लागून जखमी झालेली महिला घरातच होती. दगड छप्पर फोडून आला होता.

उपग्रहाचे उदाहरण

बाहेरचा पृष्ठभाग दहा चौरस मीटर, आयुष्य पाच वर्षे, म्हणजे एकूण ५० चौरस मीटर-वर्षे. मायक्रोग्रॅमचे कण: न सुमारे १२८. असे आघात होणारच, आखणी ते धरूनच करायची. मिलिग्रॅमचे: न ०.०२९, म्हणजे तीन टक्के. ग्रॅमचे: दीड लाखात एक. सगळा निर्णय मधल्या ओळीत आहे. तीन टक्के पटत नसतील तर पत्रा जाड करण्यापेक्षा त्याच्यापुढे अंतर ठेवून दुसरा पातळ पत्रा लावतात. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी १९४० च्या दशकात सुचवलेली ही ढाल आजही आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर आहे: पहिल्या पत्र्यावर कणाचा चुरा होतो आणि मागच्या पत्र्यावर तो पसरून आदळतो. गणिताच्या भाषेत ढालीमुळे आघात कमी होत नाहीत, पायरी १ मधली मर्यादा वर सरकते. मर्यादा दहा पट वर गेली की धोका सोळावा हिस्सा.

सूत्र उलटेही चालवता येते. जेम्स वेब दुर्बिणीच्या आरशाचे क्षेत्र सुमारे २५ चौरस मीटर. मोजता येण्याजोगे आघात महिन्याला सरासरी एक होतात असे नासाने २०२२ मध्ये सांगितले. म्हणजे दर चौरस मीटरला वर्षाला ०.४८. सूत्रात घालून वस्तुमान काढले तर सुमारे चार मायक्रोग्रॅम येते. दुर्बीण पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे आणि सूत्र पृथ्वीजवळचे, म्हणून हा ढोबळ आकडाच. तरी आरशाला काय जाणवते याची कल्पना येते.

पायरी ५: तीन दुरुस्त्या

पहिली गुरुत्वाची. ग्रह आजूबाजूचे पिंड ओढून घेतो, त्यामुळे त्याचे परिणामी क्षेत्र वाढते. पट अशी काढतात: १ + (मुक्तिवेग ÷ पिंडाचा दुरून येतानाचा वेग)². मुक्तिवेग म्हणजे ग्रहाच्या ओढीतून सुटायला लागणारा वेग. पृथ्वीचा मुक्तिवेग ११.२ आणि पिंडाचा वेग १५ किलोमीटर प्रति सेकंद धरला तर १.५६. चंद्रासाठी हीच पट जेमतेम १.०३. चंद्राचे क्षेत्र पृथ्वीच्या १३.५ पटींनी लहान, तेव्हा दोन्ही मिळून चंद्रावर पृथ्वीच्या सुमारे विसाव्या हिश्शाइतके आघात: एक मीटरहून मोठे, वर्षाला दोनेक.

गुरूवर ही दुरुस्ती प्रचंड होते. मुक्तिवेग जवळपास ६०, तिथल्या पिंडांचा वेग १० धरला तर पट ३७. त्यात क्षेत्र पृथ्वीच्या १२५ पट. पृथ्वीच्या तुलनेत तीन हजार पट आघात. दहा मीटरहून मोठ्या पिंडांसाठी वर्षाला सव्वादोनशे. निरीक्षणे काय सांगतात? हौशी निरीक्षकांनी टिपलेल्या झळाळींवरून २०१८ साली काढलेला अंदाज, पाच ते वीस मीटरच्या पिंडांसाठी वर्षाला १० ते ६५. म्हणजे आपला हिशेब तीन ते वीस पटींनी फुगलेला आहे. कारण उघड आहे: गुरूभोवती पिंडांची दाटी पृथ्वीभोवतीइतकीच असेल हे आपण न सांगता गृहीत धरले. दुसऱ्या ग्रहावर पृथ्वीचा फ्लक्स नेताना ही शंका लिहून ठेवा.

दुसरी दुरुस्ती आडोशाची. खालच्या कक्षेतल्या यानाचे सुमारे एक तृतीयांश आकाश पृथ्वीच झाकून टाकते. ४०० किलोमीटर उंचीवर फ्लक्सला ०.६७ ने गुणायचे. वेबसारख्या लांबच्या दुर्बिणीला हा आडोसा नाही.

तिसरी दिशेची. पावसात धावणाऱ्याची छाती पाठीपेक्षा जास्त भिजते, तसे यानाच्या पुढच्या बाजूला जास्त मार बसतो. एलडीईएफ (लाँग ड्युरेशन एक्स्पोजर फॅसिलिटी) हे नासाचे यान १९८४ ते १९९० अशी ५.७ वर्षे कक्षेत होते, पृष्ठभाग सुमारे १३० चौरस मीटर. परत आणल्यावर त्यावर डोळ्यांना दिसतील असे ३०,००० हून अधिक खड्डे मिळाले, आणि पुढच्या बाजूला मागच्यापेक्षा कितीतरी पट दाट. दर चौरस मीटरला वर्षाला चाळीस हा दर आपल्या मायक्रोग्रॅमच्या अडीचपेक्षा फार मोठा आहे, कारण त्यात मायक्रोग्रॅमहून लहान कणांचे खड्डे आहेत आणि मानवनिर्मित कचऱ्याचेही. कमी उंचीच्या कक्षेसाठी कचऱ्याचा फ्लक्स वेगळा काढून मिळवावाच लागतो. नासाचे ऑर्डेम आणि युरोपीय अवकाश संस्थेचे मास्टर ही प्रारूपे त्यासाठी आहेत. २०१६ मध्ये सेंटिनेल-१ए उपग्रहाच्या सौरपंखावर जवळपास ४० सेंटिमीटर रुंदीचा भाग काही मिलिमीटरच्या एका कणाने खराब केला. तो कण नैसर्गिक होता की कचऱ्याचा, हे खड्डा पाहून सांगता येत नाही.

पायरी ६: उत्तराला अनिश्चिततेचा पट्टा जोडा

मोजलेले आघात चार असतील तर अनिश्चितता त्याच्या वर्गमूळाइतकी, म्हणजे दोन. शंभर असतील तर दहा. एकही आघात नोंदला गेला नसेल तर दर शून्य समजू नका: पाहिलेल्या काळाने तीनला भागा, ती ९५ टक्के खात्रीची वरची मर्यादा. दहा वर्षे पत्रा तसाच राहिला, तर दर वर्षाला ०.३ हून कमी असावा, एवढेच म्हणता येते.

मोठ्या पिंडांबाबत पट्टा आणखी रुंद ठेवा. नियमानुसार वीस मीटरचा पिंड ८८ वर्षांतून एकदा. प्रत्यक्षात रशियावर दोन मोठे पिंड हवेत फुटले, १९०८ ला तुंगुस्का इथे आणि २०१३ ला चेल्याबिन्स्क इथे, आणि पहिला तर ५० मीटरच्या घरातला. चेल्याबिन्स्कनंतर ब्राउन यांच्याच गटाने म्हटले, की दहा ते पन्नास मीटरच्या पिंडांचा दर दुर्बिणींवरून काढलेल्या अंदाजाच्या दहा पटींपर्यंत असू शकतो. दोन घटनांवरून त्याचा निकाल लागत नाही.

सरासरी चालत नाही तेव्हा

पॉयसनची अट मोडते ती कण थव्याने येतात तेव्हा. मरिनर ४ यानाच्या धूलिकण-मापकाने सप्टेंबर १९६७ मध्ये पंधरा मिनिटांत सतरा आघात नोंदवले. अशा थव्याचा हिशेब आधी मांडणे जवळपास अशक्य. वार्षिक उल्कावर्षावांचा मात्र मांडता येतो, कारण तारखा ठाऊक असतात: वर्षभराच्या पार्श्वभूमीचा न वेगळा काढायचा, वर्षावाच्या तेवढ्या तासांचा वेगळा, आणि दोन्हींची बेरीज करायची. वेगाकडेही लक्ष हवे. लिओनिड या उल्कावर्षावाचे कण सेकंदाला सुमारे ७१ किलोमीटर वेगाने येतात. २० च्या तुलनेत त्याच वस्तुमानाच्या कणाची ऊर्जा साडेबारा पट, म्हणून पायरी १ मधली मर्यादा त्या तासांपुरती खाली आणायची. अशा वेळी फ्लक्स हातात नसतो, क्षेत्रफळ असते: १९९८ च्या लिओनिड वर्षावात हबल दुर्बीण वळवून तिचा आरसा येणाऱ्या कणांपासून दूर ठेवला होता. आज वेबची निरीक्षणे आखतानाही, यान ज्या दिशेने सरकते आहे त्या दिशेला आरसा शक्य तितका कमी वेळ रोखला जाईल अशी काळजी घेतली जाते.